ऑटोमॅटिक नव्हे, सेमी-ऑटोमॅटिक: पोराच्या पहिल्या रायफलची गोष्ट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात अमेरिकेतल्या बंदुकांवर जो लेख आला होता त्यात "इथे अठरा वर्षांचं पोरगं दुकानात जाऊन भाजी घ्यावी तशी ऑटोमॅटिक रायफल घेऊन येतं" अशा अर्थाचं एक वाक्य होतं. ते वाचून कराडहून भावाचा फोन, पाटणहून चुलत्यांचा फोन आणि नणंदेचा व्हॉट्सॲपवर रडका इमोजी, सगळं एकाच दिवशी. कारण माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने नुकतीच रायफल घेतलीय हे घरात सगळ्यांना माहितीय. मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, बंदुकीची हौस मला काडीची नाही, पण मागचं वर्षभर या विषयात नको तितकं वाचलंय म्हणून लिहिते, लांबलं तर कात्री लावा.

आधी शब्दाचं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, पुढचं आपोआप नळीत जाऊन बसतं, पण ते उडायला बोट सोडून परत ओढावं लागतं. ऑटोमॅटिक म्हणजे चाप धरून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात. मे १९८६ नंतर बनलेली ऑटोमॅटिक इथे सामान्य माणसाला विकताच येत नाही, त्याआधीच्या नोंदलेल्या आहेत त्यांच्या किमती ऐकून चक्कर येईल. आणि एआर-१५ मधलं एआर म्हणजे ऑटोमॅटिक रायफल नाही हो, आर्मालाइट नावाच्या कंपनीने ती पहिल्यांदा काढली, १९५९ मध्ये हक्क कोल्ट कंपनीला विकले, त्या कंपनीच्या नावातलं ते एआर आहे.

याचा अर्थ सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे साधुसंत असं मी म्हणत नाहीये. टेक्सासमधल्या उवाल्डेला मे २०२२ मध्ये शाळेतल्या गोळीबारात एकोणीस लेकरं आणि दोन शिक्षिका गेल्या, गोळ्या झाडणाऱ्या मुलाने अठरावा वाढदिवस झाल्या झाल्या सेमी-ऑटोमॅटिकच घेतल्या होत्या, तेही दुकानातून कायद्याने. आमच्या इथल्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये ६ मे २०२३ ला आठ जण मारले गेले, त्यात तेलंगणाची एक इंजिनिअर मुलगी होती. मॉल आमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर, मुलांचे शाळेचे बूट आम्ही तिथूनच घ्यायचो. त्यामुळे मुलगा जेव्हा म्हणाला "आई, मला रायफल घ्यायचीय" तेव्हा मी तीन महिने नुसतं नाही म्हणत होते, कारणसुद्धा देत नव्हते.

त्याला हे कुठून लागलं तर मित्राच्या काकांच्या रँचवरून. तिकडे रानडुकरांनी शेताची वाट लावलीय, टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुक्कर मारायला शिकारीचं लायसन्सही लागत नाही. हे ऐकल्यावर मला माझे अण्णा आठवले. पाटण तालुक्यात आमच्या घरी भुईमुगाला डुकरं लागायची म्हणून अण्णांकडे लायसनची बारा बोअर होती, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, पावती जपून ठेवायची आणि निकाल लागून सगळं निवळल्यावर परत आणायची. बंदूक हे आमच्याकडे असं सरकारदरबारी हेलपाटे घालायचं प्रकरण होतं. आता तर तिकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि लायसन साधारणपणे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय नाहीच. इथे अठराव्या वर्षी दुकानातून रायफल मिळते आणि पिस्तुलाला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात एकवीस, त्यावरही कोर्टकज्जे चालू आहेत. पिस्तूल लहान म्हणून त्याला वय जास्त आणि रायफल मोठी म्हणून वय कमी, हे मला अजून पचलेलं नाही, असो.

मग एका शनिवारी मीच म्हटलं चल, बघू तरी. दुकानाचं नाव कशाला घ्यायचं, पण काउंटरवरच्या माणसाने पोराचा चेहरा बघितला आणि एआर-१५ काढून हातात दिली, वर लाल ठिपक्याची ऑप्टिक (नेम धरायचं भिंग), टॉर्च, उभी मूठ, तीस-तीस गोळ्यांची चार मॅगझिन (गोळ्या भरायच्या डब्या), असं करत करत बिल चौदाशे डॉलरच्या पुढे. पोराच्या डोळ्यात नवीन बुलेट बघितल्यासारखी चमक, बुलेट म्हणजे एनफिल्डवाली. मी फक्त एकच विचारलं, तुला ही कशासाठी पाहिजे? रँचवर वर्षातनं दोनदा जाणार, बाकी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, कागदाला भोकं पाडणार. त्याला उत्तर देता आलं नाही आणि काउंटरवाल्यालाही विचारायचं सुचलं नव्हतं. आम्ही नुसते हात हलवत परत आलो, गाडीत कोणी बोललं नाही.

माझं मत असं झालंय की पहिली सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल तर ती पॉइंट टू टूची (.२२, म्हणजे बारीक गोळीची) घ्यावी, आणि ते काही माझ्या घाबरटपणातून आलेलं नाही (थोडं आलंय). टू टूला धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, म्हणजे कानाला मफ लावायचेच पण माणूस चाप ओढताना आधीच डोळे मिटून खांदा आकसत नाही. मोठ्या रायफलवर शिकलेल्या पोरांना ही दचकायची खोड लागते आणि ती जाता जात नाही असं रेंजवरचे म्हातारे सांगतात. दुसरं म्हणजे पैसा. टू टूची गोळी सात-आठ सेंटला पडते, एआरची पाच-छप्पन (५.५६ मिमीची गोळी) चाळीस-पन्नास सेंटला. रेंजवर एका खेपेला दोनशे गोळ्या सहज जातात, म्हणजे एकीकडे सोळा डॉलर आणि दुसरीकडे शंभर. माझा मुलगा कम्युनिटी कॉलेज करून संध्याकाळी ग्रोसरीत काम करतो, महिन्यातनं दोन खेपा धरल्या तर एआरच्या गोळ्यांतच त्याचा दोन-अडीच दिवसांचा पगार उडाला असता, मग रायफल कपाटात पडून राहिली असती, आणि सराव नसलेली रायफल घरात असणं हे मला सगळ्यात नको होतं.

पण टू टू म्हणजे खेळणं, चिमण्या मारायची एअरगन, असं कोणी समजू नये. गोळ्यांच्या खोक्यावरच छापलेलं असतं की ही गोळी मैलभराहून लांब जाते, आणि माणूस मारायला ती पुरते.

मुलाला हे पटवायला मला कोल्हापूर कामाला आलं. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासणारा, त्याने पॅरिस ऑलिंपिकला १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) ब्राँझ घेतलं ती रायफल कसली होती? टू टूच. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हाही टू टूच. त्यांच्या रायफली सेमी-ऑटोमॅटिक नसतात, एकेक गोळी हाताने घालायची असते, ती गोष्ट वेगळी. पण ऑलिंपिकचं मेडल ज्या गोळीवर मिळतं ती आपल्याला कमीपणाची वाटायला नको, एवढं त्याच्या डोक्यात शिरलं.

घेतली ती रुगर १०/२२. १९६४ पासून बनतेय, इथे निम्म्या घरांत आजोबांनी नातवाला दिलेली हीच असते असं वाटावं इतकी कॉमन, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन आत बसतं, बाहेर लोंबत नाही. साध्या मॉडेलला साडेतीनशे डॉलरच्या आसपास लागले. दुर्बीण लावली नाही, आधी उघड्या साइटवर नेम शिक म्हटलं. एआरसारखी दिसणारी टू टू पण मिळते, स्मिथ अँड वेसनची आहे, मुलाला तीच हवी होती, पण दिसणं सोडलं तर शिकणाऱ्याला त्यात जास्तीचं काय मिळतं ते मला कोणी नीट सांगू शकलं नाही. ज्यांना खरंच मोठीच घ्यायचीय त्यांनी एक लक्षात ठेवा, नळीवर .२२३ असं लिहिलं असेल तर त्यात ५.५६ ची मिलिटरी गोळी घालू नये, दिसायला दोन्ही सारख्याच असतात पण ५.५६ चा दाब जास्त. ५.५६ लिहिलेल्या नळीत मात्र दोन्ही चालतात.

आमचा पोरगा डावखुरा. रेंजवर भाड्याने एआर मारून बघितली तेव्हा उजवीकडून उडणारं गरम काडतूस एकदा थेट शर्टाच्या कॉलरमध्ये, आणि रायफल हातात असताना तो नाचायला लागला, माझा जीव घशात. तेव्हा डावखुऱ्यांनी तरी विकत घ्यायच्या आधी पंधरा-वीस डॉलर भाडं देऊन चार प्रकार मारून बघावेत. खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर आपल्या हाताला बसतं का हेही तेव्हाच कळतं. मी पाच फूट एक इंच, मला ती साधी १०/२२ सुद्धा लांब पडते, तिचं आखूड मॉडेल वेगळं मिळतं.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. अण्णांची बारा बोअर मधोमध मोडायची, दोन्ही नळ्यांतून उजेड दिसला की झालं, आंधळ्यालाही कळावं की रिकामी आहे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तसं नाही. रेंजवरच्या शिकवणाऱ्या आजोबांनी पहिल्याच दिवशी आमच्यासमोर रायफलचं मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, आता ही रिकामी का भरलेली? माझ्यासकट सगळ्यांनी रिकामी म्हटलं. त्यांनी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) मागे ओढला आणि नळीतनं एक काडतूस टुणकन टेबलावर पडलं, डमी होतं, पण माझ्या पोटात गोळाच आला. मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत बसलेली असते, तीच माणसं मारते, आणि "मला वाटलं रिकामी आहे" हे वाक्य मग पोलीस रिपोर्टमध्ये येतं. क्रमसुद्धा महत्त्वाचा, आधी मॅगझिन काढायचं आणि मग बोल्ट ओढायचा, उलटं केलं तर बोल्ट जाताना खालून नवीन गोळी नळीत घालतो आणि आपण समाधानाने मॅगझिन काढतो. त्यात १०/२२ चा बोल्ट शेवटची गोळी उडाल्यावर उघडा राहत नाही, बंदच होतो, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही, प्रत्येक वेळी ओढून, आत बघून, बोट घालून खात्री करायची. आणि टू टूची एखादी गोळी फुसकी निघते, चाप ओढला आणि नुसतं टक् झालं तर लगेच नळीचं तोंड आपल्याकडे फिरवून बघायचं नाही, नळी समोर धरून तीसेक सेकंद थांबायचं, कधीकधी उशिरा उडते.

रायफल घ्यायच्या आधी मी दोन अटी घातल्या. एक, शिकवणी. इथे प्रोजेक्ट ॲपलसीड म्हणून एक आहे, स्वयंसेवक चालवतात, दोन दिवस पंचवीस मीटरवर कागदी टार्गेटं, पट्टा हाताला कसा गुंडाळायचा, झोपून, बसून, उभं राहून नेम कसा, श्वास कुठे थांबवायचा. तिथे बहुतेक जण टू टू सेमी-ऑटोमॅटिकच आणतात. जेवणाच्या सुट्टीत १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन-काँकॉर्डला काय झालं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या लढाईची गोष्ट सांगतात, अगदी आपल्याकडे गडावर गाइड पोवाड्याच्या सुरात सांगतो तशी. मुलगा आणि नवरा दोघं गेले, उधारीच्या रायफली घेऊन, नवरा दुसऱ्या दिवशी कोपर सोलून आला आणि रायफल घ्यायचा त्याचा उत्साह तिथेच संपला, मुलाचा वाढला. ठीक आहे, हेही कळायलाच हवं होतं.

दुसरी अट, तिजोरी आधी, रायफल नंतर. घरात माझी धाकटी बारा वर्षांची आहे. टेक्सासमध्ये बाकी सगळं सैल असलं तरी सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवली आणि ती मुलाच्या हाती लागली तर मोठ्या माणसावर गुन्हा आहे. पण मला धाकटीपेक्षा थोरल्याचीच काळजी जास्त होती, हे लिहायला जड जातंय. २०२३ मध्ये या देशात बंदुकीने सुमारे ४६ हजार ७०० माणसं मेली, त्यातल्या २७ हजार ३०० आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. बातमी होते ती मॉलची आणि शाळेची, आणि बाकीचे आपापल्या बेडरूममध्ये. आपल्या घरांमध्ये मार्क, इंटर्नशिप, "शर्माजींचा मुलगा बघ" हे सगळं असतं आणि पोरं बोलत नाहीत. मी मुलाला समोर बसवून सरळ विचारलं, तुला कधी मरावंसं वाटलंय का. तो आधी हसला, मग थोडा वेळ गप्प बसला आणि मग अकरावीतलं काहीतरी सांगितलं जे मला तोवर माहीत नव्हतं. ते इथे लिहीत नाही. इथे ९८८ नंबरवर फोन केला की चोवीस तास माणूस बोलतं, तो नंबर आमच्या फ्रिजवर आहे, आणि घरात कोणाचंही मन ठिकाणावर नसेल तर रायफल बाहेर जाईल, नातेवाईकाकडे किंवा ठेवून घेणाऱ्या दुकानात, हे त्याने आधी कबूल केलं तेव्हाच मी हो म्हटलं.

"भाजी घ्यावी तशी" याबद्दलही थोडं. दुकानातून घेताना ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा असतो, खोटं लिहिलं तर फेडरल गुन्हा. त्यात गांजाबद्दल विचारतात आणि फॉर्मवरच छापलंय की राज्यात चालत असला तरी फेडरल कायद्यात नाही, तेव्हा कोलोराडोच्या ट्रिपवर गांजाच्या गमीज (जेलीच्या गोळ्या) खाणाऱ्या पोरांनी विचार करून सही करावी. एकवीसच्या आतल्यांसाठी २०२२ च्या कायद्याने जास्तीची तपासणी आली, लहानपणचे रेकॉर्ड, मानसिक आरोग्याच्या नोंदी, लोकल पोलीस, त्याला तीन कामाचे दिवस, काही खटकलं तर दहापर्यंत. आमच्या मुलाला आठवडा लागला. तोवर काउंटरवाला मला म्हणे "मॅडम, तुम्हीच तुमच्या नावावर घ्या ना, पैसे तो देईल", त्याला कदाचित मस्करी वाटली असेल, पण दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेऊन फॉर्मवर स्वतःसाठी घेतेय असं लिहिणं याला इथे जेल आहे. स्वतःच्या पैशाने भेट देणं वेगळं. खासगी माणसाकडून घेताना मात्र टेक्सासात यातलं काहीच होत नाही, कायद्यातलं ते भोक तसंच आहे, लेखात त्यावर लिहायला हवं होतं.

आणि राज्य बदललं की कायदा बदलतो. फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ पासून रायफललाही एकवीस. वॉशिंग्टन राज्यात २०१९ पासून कुठल्याही सेमी-ऑटोमॅटिक रायफलला एकवीस, आमची बिचारी १०/२२ सुद्धा त्यात येते. न्यूयॉर्कला २०२२ पासून सेमी-ऑटोमॅटिक रायफलसाठी लायसन आणि एकवीस. इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायच्या सरकारी कार्डाशिवाय गोळीसुद्धा विकत मिळत नाही, एकवीसच्या आतल्याला ते कार्ड काढायला आईबापाची सही लागते आणि एआरसारख्यांची विक्री जानेवारी २०२३ पासून बंद. न्यू जर्सीत आमचा भाचा आहे, त्याला आधी बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र काढावं लागलं.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच होतं. तुमचा पेपर इथे पुष्कळ मराठी घरांत ऑनलाइन वाचला जातो आणि त्यातली बरीच मुलं एफ-१ (विद्यार्थी), एच-४ (नोकरीच्या व्हिसावरच्या आईबापांवर अवलंबून) अशा व्हिसावर आहेत, लहानपणी आली, टेक्सासच्या शाळेत शिकली, बोलतात इथल्यासारखं, पण ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. अशा व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगताच येत नाहीत, शिकारीचं चालू लायसन्स वगैरे काही अपवाद सोडले तर. रेंजवर मित्राची हातात घेणं हाही ताबाच धरतात. अमेरिकन मित्र म्हणतो "चल रे, काय होतंय", त्याला काहीच होत नाही, व्हिसावाल्याचं सगळं करिअर जाऊ शकतं. अपवादाच्या भरवशावर राहण्यापेक्षा आधी वकिलाला विचारावं. आमचा मुलगा इथे जन्मलेला, म्हणून हे सगळं पत्र शक्य झालं. त्याच्या जिवलग मित्राचं, जो पुण्याहून चौथीत आला, तसं नाही, तो रँचवर गेला की लांब उभा राहून फोटो काढतो.

तेव्हा पुढच्या वेळी शब्द तपासून छापा ही विनंती, आणि कराडच्या माझ्या भावाने हे पत्र पूर्ण वाचावं. तिजोरीचा कोड सध्या मी आणि नवरा दोघांकडेच आहे, मुलगा एकवीसचा झाला की त्याला द्यायचा असं ठरलंय. "रायफल माझ्या नावावर आणि कोड तुमच्याकडे हा कुठला न्याय", यावर तो रोज जेवताना वाद घालतो.

आपली एक वाचक,
फ्रिस्को, टेक्सास
(मूळ गाव पाटण तालुका, जि. सातारा)